चाळीस नांगर, दोन वर्षे आणि एक शंका

१/
१९०३ च्या सुमारास बेळगावातील एका लहानशा कारखान्यात चाळीस लोखंडी नांगर तयार झाले. त्यांना गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली. शेतकऱ्यांची हरकत एका वाक्यात मावणारी होती: लोखंडाने जमीन विषारी होते.

आजचा धागा त्या दोन वर्षांविषयी आहे. धागा मोठा आहे. सवडीने वाचा.

२/
ही गोष्ट आपल्याकडे बहुधा एकाच चालीत सांगितली जाते. एक जिद्दी उद्योजक, अडाणी शेतकरी, थोडी वर्षे हालअपेष्टा आणि शेवटी विजय. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र या साच्यात सहज बसते, म्हणूनच ते भाषणांत वारंवार येते.

पण या चालीत दोन प्रश्न अनुत्तरित राहतात. शेतकऱ्याची ती शंका केवळ अज्ञानातून आली होती का? आणि ‘चिकाटी’ म्हणजे नेमके काय? एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहणे, की आणखी काही?

३/
उत्तर शोधायला आधी यवतमाळच्या शेतात जाऊ.

यवतमाळ जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळी, भारी, कापसाची जमीन आहे. पावसात ती फुगते, चिकट होते. उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात-हात खोल भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत कोसळते, पावसाळ्यात पुन्हा फुगून वर येते. या मातीला ‘स्वतःच स्वतःला नांगरणारी’ असे म्हणतात, ते यामुळे.

४/
म्हणूनच वऱ्हाडात नांगर हे दरवर्षीचे अवजार नव्हते. ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत इथल्या मशागतीचे वर्णन आहे. त्यात वर्षानुवर्षे चालणारे अवजार म्हणजे वखर. आडव्या पात्याने वरची माती सैल करायची, तण कापायचे आणि पाऊस पडला की तिफणीने पेरायचे.

नांगर बाहेर निघे तो काही वर्षांच्या अंतराने, बहुधा कुंदा किंवा हरळीने शेत व्यापले तरच. कुंद्याच्या मुळ्या खोल जातात आणि वखराला दाद देत नाहीत. त्या उपटायला जड लाकडी नांगर आणि त्याला बैलांच्या दोन-तीन जोड्या लागत. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्याला शेजाऱ्याकडे हात पसरणे भाग होते.

५/
लाकडी नांगराची मर्यादाही समजून घेऊ. हाळीस, रुमणे, जू हे सगळे लाकडाचे. लोखंडाचा असतो तो फक्त टोकाचा फाळ. असा नांगर जमीन चिरतो आणि मागे इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची सरी सोडतो. दोन सऱ्यांच्या मध्ये न नांगरलेली माती तशीच राहते. ती मोडायची तर पुन्हा आडवी नांगरट करावी लागते.

पलटी मारणाऱ्या लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पाते असते. कापलेली मातीची वडी त्यावर चढते आणि उलटी होऊन पडते. तणाच्या मुळ्या वर येतात आणि वैशाखाच्या उन्हात वाळून जातात. ज्या शेतात कुंदा माजला आहे, तिथे हा फरक साधा नव्हे.

६/
इतके उपयोगी अवजार, मग हरकत कशाची? हे कळायला लाकडी नांगराचे अर्थकारण पाहावे लागते.

लाकडी नांगर गावातच जन्मत असे. बांधावरची बाभूळ तोडायची, गावच्या सुताराने नांगर घडवायचा, लोहाराने फाळ शेवटायचा. या कामाचे पैसे रोख द्यावे लागत नसत. सुगी झाली की बलुत्याच्या रूपाने धान्य पोहोचे. ऐन हंगामात नांगर मोडला, तर तो दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असे.

७/
लोखंडी नांगराने ही सगळी व्यवस्था एका फटक्यात बाजूला सारली. त्याला रोख पैसे लागत. तो दूरच्या कारखान्यात बनत असे. त्याचा एखादा भाग तुटला, तर गावच्या सुताराला तो बनवता येण्यासारखा नव्हता. पाऊस तोंडावर आलेला असताना तुटलेला नांगर घेऊन जायचे कुठे?

‘लोखंडाने जमीन विषारी होते’ या वाक्याच्या पोटात हा दुसरा प्रश्न दडलेला असावा, असे माझे अनुमान आहे. विषाची भाषा चुकीची होती. धोक्याची जाणीव मात्र चुकीची नव्हती.

८/
हे अनुमान वाऱ्यावरचे नाही. त्याला अमेरिकेच्या इतिहासातून आधार मिळतो.

१७९७ मध्ये न्यू जर्सीतील चार्ल्स न्यूबोल्ड या माणसाने ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तिथल्या शेतकऱ्यांचे म्हणणे काय होते, ठाऊक आहे? लोखंडाने जमीन विषारी होते आणि तण माजते! बेळगावच्या शंभर वर्षे आधी, समुद्रापलीकडे, दुसऱ्या भाषेत, हुबेहूब तीच शंका. न्यूबोल्डने या नांगरापायी आपली बरीच संपत्ती घालवली आणि अखेर तो नाद सोडून दिला.

९/
न्यूबोल्डच्या नांगरात एक खरा दोष होता. तो जवळजवळ अखंड ओतलेला होता. फाळाचे टोक झिजले किंवा दगडावर आपटून तुटले, की सगळा नांगर निकामी.

१८१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील जेथ्रो वुड याने आपल्या नांगराचे पेटंट घेतले. त्याचे भाग सुटे होते. झिजलेला भाग काढायचा, नवा बसवायचा. लोखंडी नांगर तिथे रुळला तो अशा सुट्या भागांच्या रचनेमुळे. विषाची भीती कोणी वादविवादाने घालवली नाही. नांगर दुरुस्त होऊ लागला आणि ती आपोआप विरली.

(वुडच्या पदरी काय पडले? त्याच्या रचनेची सर्रास नक्कल झाली, त्याचा पैसा पेटंटच्या खटल्यांत गेला आणि १८३४ मध्ये तो हलाखीत वारला. चिकाटीचा हिशेब नेहमी सरळ लागत नाही.)

१०/
आता बेळगावकडे वळू. काळ्या मातीचा पट्टा यवतमाळपाशी संपत नाही. तो दक्षिणेला कृष्णेच्या खोऱ्यातून बेळगावच्या पूर्वेकडील तालुक्यांपर्यंत जातो. त्याच भागात, गुर्लहोसूर या गावी, २० जून १८६९ रोजी लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे लक्ष मात्र चित्रांत आणि यंत्रांत.

११/
चित्रकार व्हायचे म्हणून लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी लक्षात आले की काही रंगांतला भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठा आघात कोणता?

त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. ते यांत्रिक रेखाचित्रे काढू लागले आणि मुंबईत नव्याने स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तो विषय शिकवू लागले. तिथल्या कार्यशाळेत यंत्रे खोलून पाहण्याची संधी मिळाली. त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण झाले ते असे.

१२/
नोकरी चालू असतानाच जोडधंदा सुरू झाला. मुंबईहून सायकल पाठवायची, बेळगावात भावाने ती विकायची आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायची. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ आपली स्थापना १८८८ सालची मानते, ती या सायकलच्या व्यवसायापासून.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

१३/
इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. तोपर्यंत या माणसाने चित्रकला सोडली होती, नोकरी सोडली होती, शहर सोडले होते. रूढ अर्थाने चिकाटीचे उदाहरण म्हणून कोणी त्यांच्याकडे बोट दाखवले नसते. ‘एक धड करत नाही’ असेच म्हटले असते.

बेळगावात त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. परदेशी नमुने समोर ठेवून, इथल्या गरजेपुरते आणि इथल्या ऐपतीचे. त्यानंतर ते लोखंडी नांगराकडे वळले.

१४/
विलायती नांगर त्या काळी हिंदुस्थानात येत होते. इंग्लंडमधील रॅन्सम या कंपनीचा या कामात शतकभराचा अनुभव होता. ओतीव फाळाची एक बाजू झटकन थंड केली, तर ती अतिशय कठीण होते आणि दुसरी बाजू तुलनेने मऊ राहते. शेतात चालताना मऊ बाजू आधी झिजते, कठीण बाजू पुढे राहते आणि फाळ आपोआप धारदार राहतो. रॉबर्ट रॅन्समने या युक्तीचे पेटंट १८०३ मध्येच घेतले होते.

बेळगावच्या भट्टीला या दर्जाशी स्पर्धा करायची होती. लोखंड ओतणे एक आणि नांगराला साजेल असे लोखंड ओतणे दुसरे. कच्च्या मालाची जात, भट्टीचे तापमान, साचा, थंड होण्याचा वेग, यांपैकी एक जरी चुकले, तरी फाळ ठिसूळ होतो किंवा लोण्यासारखा झिजतो.

१५/
असे ते चाळीस नांगर. दोन वर्षे त्यांनी जागा अडवली, भांडवल अडवले. उधार आणलेल्या पैशावर चालणाऱ्या कारखान्यात विकला न गेलेला माल म्हणजे रोज वाढणारे देणे.

लक्ष्मणराव त्या काळात दोन गोष्टी करू शकले असते. शेतकऱ्याला अडाणी ठरवून कडबा कापण्याच्या यंत्रावर समाधान मानणे, ही पहिली. कर्ज देऊन, आमिष दाखवून नांगर त्याच्या गळ्यात मारणे, ही दुसरी. त्यांनी तिसरा मार्ग धरला. ते थांबले, नांगर बनवण्याचे काम सुधारत राहिले आणि नांगराला शेतात स्वतःची साक्ष देऊ दिली. एकाच्या शेतातली पलटलेली जमीन आणि त्यातले पुढच्या वर्षीचे पीक शेजाऱ्याने पाहिले की मग दुसरा नांगर खपतो. शेतीत बातमी हंगामाच्या वेगाने पसरते. दोन वर्षे म्हणजे दोनच हंगाम!

१६/
नांगर खपू लागले, तोच पायाखालची जमीन गेली. वस्ती वाढवण्यासाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. उभी यंत्रे उखडून न्यायची तर कुठे?

औंध संस्थानच्या गादीवर १९०९ मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले होते. राजा स्वतः चित्रकार. मंदिराच्या मंडपाच्या बांधकामामुळे लक्ष्मणरावांची आणि त्यांची ओळख झाली होती. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले.

चित्रकला सुटलेल्या माणसाला आसरा मिळाला तो एका चित्रकार राजाकडे.

१७/
ती जागा म्हणजे निवडुंगाचे माजलेले रान, साप आणि पाण्याची ददात. १९१० मध्ये लक्ष्मणराव पंचवीसेक कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह तिथे उतरले. आधी निवडुंग तोडला, मग छपरे उभी केली, मग यंत्रे बसवली. किर्लोस्करवाडी जन्मली ती अशी. जमशेदपूरच्या पाठोपाठ उभी राहिलेली ही देशातली अगदी सुरुवातीची उद्योगनगरी. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे आणि त्या रेल्वे स्थानकालाही आता किर्लोस्करवाडी हेच नाव आहे.

बंधू रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार सांभाळला. स्वयंशिक्षित अभियंता शंभूराव जांभेकर, हिशेब पाहणारे मंगेशराव रेगे, शाळेत रमू न शकलेली पण हाताला कसब असलेली मुले, अशी माणसे जमत गेली. शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्यांना लक्ष्मणरावांनी चक्क राखणदार नेमले.

१८/
१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती नांगरांची आवक आटली आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण ज्या समुद्राने स्पर्धक अडवला, त्यानेच कच्चा मालही अडवला. लोखंड मिळेना, कोळसा मिळेना. या टंचाईत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले!

हे वाक्य टाळ्या घेणारे आहे, याची मला जाणीव आहे. पण त्याच्या मागचे वास्तव टाळ्यांइतकेच महत्त्वाचे आहे. एकट्याच्या चिकाटीला मर्यादा असते. भावाचा हात, औंधची जमीन, कोल्हापूरचे लोखंड, यांपैकी एक कडी निखळती तर ही गोष्ट आपल्याला कदाचित ठाऊकही नसती.

१९/
याचा पडताळा पाहायचा असेल, तर लक्ष्मणरावांच्याच पिढीतला दुसरा मराठी माणूस पाहा. शंकर आबाजी भिसे. जन्म १८६७, मुंबई. १८९७ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकाने शोधांची स्पर्धा घेतली. तीत भिशांचे आपोआप वजन करून माल भरणारे यंत्र पहिले आले. त्यांना दादाभाई नौरोजींचा पाठिंबा लाभला. पुढे ते मुद्रणाचे खिळे वेगाने ओतणाऱ्या ‘भिसोटाइप’ यंत्राच्या मागे लागले.

२०/
भिशांची चिकाटी किर्लोस्करांहून तसूभरही कमी नव्हती. लंडनमध्ये भांडवल उभे करण्याचे प्रयत्न फसले. जमशेदजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्या मदतीने १९१० मध्ये एक संस्था उभी राहिली आणि काही वर्षांतच बंद पडली. भिसे अमेरिकेला गेले, तिथे पुन्हा सुरुवात केली. त्यांच्या नावावर सुमारे दोनशे शोध सांगितले जातात. १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. आज किती मराठी विद्यार्थ्यांना त्यांचे नाव ठाऊक आहे?

२१/
मग फरक कुठे पडला? बुद्धीत नाही, कष्टांतही नाही.

भिशांचे यंत्र ज्या बाजारासाठी होते, तो बाजार लंडन आणि न्यूयॉर्कचा होता. तिथे प्रबळ कंपन्या ठाण मांडून बसल्या होत्या आणि पैशाची दोरी परक्यांच्या हाती होती. किर्लोस्करांचे गिऱ्हाईक दोन कोसांवरच्या शेतात होते. ते नाराज झाले, तर ती नाराजी आठवडी बाजारात कानावर येत असे. चूक लगेच कळत होती आणि दुरुस्त करण्याइतकी जवळ होती.

चिकाटी ही गुणवत्ता खरीच. पण तिला ऐकायला कान आणि उभे राहायला जमीन लागते.

२२/
१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले. आधी कारखान्याची आणि ग्राहकांची खबरबात देणारे, पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक झालेले. १९२६ च्या सुमारास वाडीत पाण्याचे पंप बनू लागले. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पुढे इतर भावंड-कंपन्यांतून डिझेल इंजिने आणि विजेच्या मोटारी आल्या. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

पण आपण इथे थांबायचे नाही. आपण निघालो होतो यवतमाळहून. तिथे परत जायचे आहे.

२३/
२००२ मध्ये भारतात बीटी कापसाच्या लागवडीला मान्यता मिळाली. बोंडअळीला आतूनच प्रतिकार करणारे बियाणे, कमी फवारणी, अधिक उत्पन्न. यवतमाळच्या शेतकऱ्याने या वेळी दोन वर्षे वाट पाहिली नाही. काही वर्षांतच जवळपास सगळा कापूस बीटी झाला. आरंभीची वर्षे बरी गेली. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या विषाला दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाच्या कापसाला तिने मोठा फटका दिला.

२४/
त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात आणखी भयंकर घडले. कापूस उंच वाढला होता. कीटकनाशके एकमेकांत मिसळून, हातमोजे-मुखवट्यांविना, डोक्याच्या उंचीवर फवारली जात होती. फवारणीतून विषबाधा होऊन जिल्ह्यात किमान वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. चौकशीसाठी राज्य शासनाला विशेष पथक नेमावे लागले.

१९०३ चा शेतकरी ‘हे नवे अवजार विषारी आहे’ म्हणाला, तेव्हा आपण हसलो. २०१७ मध्ये विष खरेच होते. ते डब्यात भरून, रंगीत वेष्टनात, पावतीसह विकले गेले होते.

२५/
म्हणून त्या जुन्या शंकेकडे मला आता निराळ्या नजरेने पाहावेसे वाटते.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या कर्त्या आयुष्यात खरीप येतात किती? चाळीसेक. प्रत्येक नवा प्रयोग त्यांतला एक हंगाम मागतो. फसला तर तो परत मिळत नाही, त्यासाठी काढलेले कर्ज मात्र उरते. कारखानदाराचा चाळिसातला एक नांगर मोडला तर एकोणचाळीस उरतात. शेतकऱ्याचा एक हंगाम मोडला तर घर मोडू शकते. अशा माणसाने नव्या वस्तूकडे संशयाने पाहणे, हा त्याचा मागासलेपणा नव्हे. तो त्याचा विमा आहे.

२६/
आता पुन्हा त्या दोन वर्षांकडे पाहा. नांगर खपले नाहीत, तेव्हा त्याची झळ कोणाला बसली? नांगर बनवणाऱ्याला. माल त्याच्या छपराखाली पडून होता, देणे त्याच्या नावावर होते. गिऱ्हाईक खात्री पटेपर्यंत मोकळे होते. शंका घेण्याचा त्याचा अधिकार शाबूत होता.

लक्ष्मणरावांची चिकाटी मला इथे दिसते. आपल्या शोधावर विश्वास ठेवणे सोपे असते, प्रत्येक शोधक तो ठेवतो. समोरच्याची खात्री पटेपर्यंत लागणाऱ्या काळाची किंमत स्वतः सोसणे, हे अवघड. चित्रकला, नोकरी, गाव हे सारे त्यांनी बदलले. नांगर कोणत्या हातात जाणार आहे, हे मात्र त्यांच्या नजरेआड झाले नाही.

२७/
हा धागा वाचणाऱ्यांपैकी काही जण उद्या अभियंते होतील, काही जण कंपन्या काढतील. शेतीसाठी ड्रोन येत आहेत, मातीत रोवायची संवेदक यंत्रे येत आहेत, पिकाचा सल्ला देणारी ॲप येत आहेत. त्यांतले काही खरोखर उपयोगी ठरेल. यवतमाळच्या एखाद्या गावात तुम्ही ते घेऊन जाल, तेव्हा पारावर बसलेला एखादा म्हातारा मान हलवून ‘आमच्या जमिनीत हे चालत नाही’ म्हणेल.

त्या वेळी कपाळाला आठ्या घालू नका. त्याच्या शेजारी बसा आणि तीन गोष्टी विचारा. हे बिघडले तर तुम्ही कुठे जाल? फसले तर नुकसान कोणाचे होईल? आणि याआधी असे काय आले होते, ज्याने तुम्हाला दगा दिला?

२८/
इतिहासात ‘लोखंडाने जमीन विषारी होते’ हे वाक्य दोन खंडांत, शंभर वर्षांच्या अंतराने उमटले. एका ठिकाणी शोधक थकून निघून गेला आणि त्याच्या नांगराचा दोष पुढच्या माणसाने दूर केला. दुसऱ्या ठिकाणी शोधक थांबून राहिला. नांगर दोन्हीकडे अखेर शेतात गेला, पण शंकेचे उत्तर मिळाल्यावरच.

२९/
एक काम सांगतो आणि थांबतो. तुमच्या गावातल्या जुन्या वाड्यात, गोठ्याच्या माळ्यावर, एखादा गंजलेला लोखंडी नांगर अजून सापडेल. त्याच्या अंगावर ओतलेली अक्षरे असतील तर ती पुसून वाचा. कोणी बनवला, ते कळेल. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा की तो घरात पहिल्यांदा आला, तेव्हा नको कोण म्हणाले होते आणि का. जे उत्तर मिळेल ते तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे वय यांसह लिहून ठेवा.

नांगर बनवणाऱ्यांचा इतिहास लिहिला गेला आहे. नांगराला आधी नाही म्हणणाऱ्यांचा अजून लिहायचा आहे. धागा समाप्त.